बांधावरची बाभूळ, घरचे दांडे

१२ जानेवारी २०२५, रविवार

बांधावरच्या जुन्या बाभळीला दोन खोडं. त्यातलं ओढ्याकडचं गेल्या पावसात बुडातून फाटलं होतं, ते आज उतरवलं. मांडीएवढं जाड, आणि बुडापासून पाच-सहा फूट एकही गाठ नाही. अण्णांनी ते केव्हाच सरपणात धरलं होतं.

"अण्णा, शेंडा तुम्ही घ्या. बुडखा मला पाहिजे."

"काय करतुयास त्याचं?"

"दांडे."

"आरं, बाजारात ढिगानं पडल्यात की."

पडलेत खरे, पण कसले? बाजारातला दांडा फळीतून करवतीनं चिरून काढलेला असतो. लाकडाची नस, म्हणजे धागा, कुठं चालली आहे याच्याशी करवतीला देणंघेणं नाही. ती एका बाजूनं दांड्यात शिरते आणि वीतभर पुढं दुसऱ्या बाजूनं बाहेर पडते. जोराचा घाव बसला की दांडा बरोबर तिथं तिरका मोडतो. शिवाय माल ओला असतो. वरून रोगण मारून दुकानात उभा केला तरी आतली ओल कुठं जाते? चैत्रात ती उडते, दांडा आकसतो आणि कुऱ्हाड डोक्यावरून फिरवताना पातं मागं सुटतं. मागं कोण उभं असेल ते नशीब.

म्हणून दोनच नियम ठरवले. लाकूड फोडून घ्यायचं, चिरायचं नाही. आणि वजन उतरायचं थांबल्याशिवाय कुठल्याही नेढ्यात, म्हणजे हत्याराच्या दांड्याच्या भोकात, दांडा घालायचा नाही. कामाची यादी: कुऱ्हाड, कुदळ, दोन पौंडी हातोडा, घरातली खुरपी आणि माझ्या पटाशांच्या मुठी. खोऱ्याचा दांडा अजून चांगला आहे, त्याला हात लावत नाही.

१९ जानेवारी

फोडण्याचा दिवस. ओलं असतानाच फोडावं. वाळलेली बाभूळ घणाला दाद देत नाही.

आधी साल वाचली. सालीवरच्या भेगा खोडाबरोबर सरळ वर जात असतील तर आतली नसही सरळ. भेगा खोडाभोवती वळत गेल्या असतील तर लाकडाला पीळ आहे, त्याचा दांडा करू नये. आमच्या खोडाला वरच्या फूटभरात पीळ होता, तेवढं तोडून चुलीकडं दिलं.

बुडाच्या कापावर मधोमध खूण केली, लोखंडी पाचर ठेवून घणाचे घाव घातले. भेग पुढं सरकेल तशी दुसरी पाचर बाजूनं. शेवटी दोन्ही भाग उचकटताना धाग्यांचे पूल राहतात ते कोयत्यानं तोडले. मग अर्ध्याचे पाव. भेग आपल्याला हवी तशी जात नाही, नसेच्या वाटेनं जाते, आणि फोडायचं ते त्यासाठीच. फुटलेल्या तोंडावर हात फिरवला की धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग लागतो.

खोडाचा अगदी मधला भाग सगळ्या तुकड्यांतून तासून काढला. तो आत ठेवला तर तडा ठरलेला. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आकसत नाही. मध्यापासून सालीकडं आकसतं, आणि गोलाईच्या दिशेनं त्याच्या साधारण दुप्पट. अख्खं गोल लाकूड वाळवलं तर या ओढाताणीत ते कुठंतरी फाटणारच. पाव भाग केले की प्रत्येक तुकड्याला आकसायला मोकळीक मिळते.

फांदीऐवजी खोडच धरलं त्यालाही कारण आहे. आडव्या फांदीच्या वरच्या अंगाचं लाकूड भार ओढून धरत वाढतं, वाळताना ते बाकीच्यापेक्षा वेगळं आकसतं आणि दांडा वाकडा होतो. अण्णांच्या शेंड्यातही दोन सरळ दिसणारे तुकडे होते. मोह झाला, पण सोडले.

टोकांना शेण-मातीचा जाड लेप दिला. कापलेल्या टोकातून ओल अंगापेक्षा कितीतरी पट वेगानं पळते, त्यामुळं टोकं आधी आखडतात आणि फाटतात. मेण, ऑइलपेंट काहीही चालतं. गोठ्यात शेण होतं.

२ फेब्रुवारी

तुकडे सांगलीला गच्चीवर आणले. त्याआधी गावातल्या सुतार तात्यांकडं जाऊन आलो. तात्यांनी उमेदीत बैलगाड्या केल्या. चाकाचा तुंबा, आरे, पुठ्ठे, सगळं बाभळीचं. आता डोळ्यांना दिसत नाही म्हणून काम बंद, पण तुकडा हातात घेऊन नखानं खरवडला आणि म्हणाले, "तांबडं हाय त्यो गाभा, ह्यो ऱ्हाईल. पांढरं किडा खाणार."

"मग तात्या, पांढरं टाकून देऊ का?"

"टाकतुयास कशाला? हिरीत सोड. पावसाळाभर आमी बुडवून ठेवायचो. पाण्यात त्याची गोडी जाती, मग किडा फिरकत न्हाई."

शास्त्रही हेच म्हणतं. बाहेरच्या पांढऱ्या लाकडात झाडानं पिष्ट साठवलेलं असतं, भुंगेऱ्याची अळी त्याच्यावर जगते. पाण्यात ठेवलं की ते बरंचसं निघून जातं. पांढऱ्या लाकडाचे चार तुकडे वेगळे काढले. दोन विहिरीत दोरीनं बांधून सोडले, दोन तसेच गच्चीवर. बघू.

दांड्याला सगळ्यात उत्तम लाकूड कुठलं, यावर तात्यांचं उत्तर ठरलेलं. "धामण म्हंजी धामण. वाकंल, पण मोडायची न्हाई." धावडा आणि तिवस त्यांच्या लेखी त्याखालोखाल. पण ही झाडं शिराळ्याच्या पलीकडं डोंगरात. तिथलं चांदोली २००४ पासून राष्ट्रीय उद्यान आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिवस तर आपल्या शेतात असला तरी १९६४ च्या झाडं तोडण्याच्या कायद्याच्या यादीत येतो, परवानगीशिवाय हात लावता येत नाही. आपल्याला बाभूळ बरी.

अण्णांनी सुचवलं होतं की जुन्या चौकटीचा साग पडून आहे, त्याचा कर. सागाला वाळवी लागत नाही, तो वाकत-तडकत नाही, चौकटीला त्याच्यासारखं लाकूड नाही. पण दांड्याला धक्का सोसावा लागतो आणि साग तिथं ठिसूळ पडतो. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेनं भारतीय लाकडांची तुलना सागाला १०० धरून केलेली आहे. धक्का सोसण्याच्या रकान्यात बाभूळ सागाच्या बरीच वर बसते. सागाच्या मुठी पटाशांना करता येतील, कुऱ्हाडीला नको.

गच्चीवर दिवसभर तासकाम. तात्यांनी वाकस (लाकूड तासायचं हत्यार) दिला आहे, "धार घालवू नकोस" एवढ्या अटीवर. तुकडे हव्या त्या मापापेक्षा बोटभर जाड ठेवून अष्टकोनी केले. असं अर्धवट तासून ठेवलं की लवकर वाळतं, आणि ओली बाभूळ वाकसाखाली निघते तरी. कुदळीचा तुकडा ९५ सेंटीमीटर लांब, ५ सेंटीमीटर जाड. वजन १ किलो ९९० ग्रॅम. तारीख आणि वजन तुकड्यावरच पेन्सिलीनं लिहिलं.

वाळत घातलं ते जिन्याखाली, सावलीत, खाली पट्ट्या देऊन. उन्हात टाकलं असतं तर पटकन वाळलं असतं आणि पटकन फाटलंही असतं.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

कुदळ १ किलो ७८०. हातोड्याच्या एका तुकड्याला टोकाकडून केसाएवढी भेग, दोन इंच. तुकडा लांब आहे, कापून जाईल.

खिचडी खाऊन पुन्हा काही केलं नाही.

९ मार्च

नुसतं वजन बघून ओल किती आहे ते कळत नाही, म्हणून आज मोजली. पद्धत सोपी आहे. एका जादा तुकड्याच्या मधून (टोकाकडून नाही, टोक आधीच वाळलेलं असतं) इंचभर जाडीची चकती कापली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली: २१२ ग्रॅम. ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या किंचित वर ठेवून, दर थोड्या वेळानं तोलत, वजन उतरायचं थांबेपर्यंत भाजली. शेवटी १६८ ग्रॅम. गेलेलं पाणी ४४, त्याला कोरड्या वजनानं भागलं की ओल २६ टक्के.

बायको म्हणाली, "केकचा ओव्हन आहे हो तो." घरभर बाभळीचा उग्र वास होता, त्यामुळं तिला काही बोलता आलं नाही मला.

आता कुदळीचा हिशेब लावता येतो. ती आज १ किलो ७२० आहे, म्हणजे पूर्ण कोरडी धरली तर साधारण १३६०. बारा-तेरा टक्क्यांवर आणायची तर वजन १५३० ते १५४० व्हायला हवं. हा आकडा भिंतीवर खडूनं लिहिला.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. ओल्या लाकडातलं पाणी आधी पोकळ्यांमधून जातं, तोवर लाकूड आकसत नाही. साधारण तीस टक्क्यांच्या खाली आलं की धाग्यांच्या भिंतीतलं पाणी जायला लागतं, आकसणं तिथून सुरू होतं. म्हणजे "महिनाभर वाळवलाय" असं सांगून विकलेला जाड दांडा बहुतेक वेळा आकसायला नुकती कुठं सुरुवात करत असतो.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारून झाली, आणि मग ज्या गोष्टीसाठी व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) घरी आणून ठेवला होता ती बघितली. कुपवाडला कारखान्यात माझा दिवस मिलिंगवर जातो, शतांश मिलिमीटरवर. लाकडाला ते माप लावणं हास्यास्पद आहे, पण इथं कामी आलं.

गावाकडं कुदळ खिळखिळी झाली की रात्रभर हौदात टाकायची पद्धत आहे. सकाळी दांडा घट्ट. दोन दिवसांनी पुन्हा ढिला, आधीपेक्षा जास्त. अण्णा म्हणतात लाकूड जुनं झालं. मला तसं वाटत नव्हतं.

जुन्या कुदळीचा दांडा काढून नेढ्यात बसणारा भाग मोजला: ४०.६ मिलिमीटर. नेढं ४१ चं. तो परत बसवून कुदळ रात्रभर पाण्यात ठेवली. सकाळी गच्च. नंतर सावलीत पूर्ण वाळू दिली आणि दांडा काढून त्याच जागी मोजला: ४०.२.

लाकूड फुगतं, पण लोखंडाचं नेढं ताणत नाही. फुगायला जागा नाही म्हणून धागे आतल्या आत चेपतात. वाळल्यावर चेपलेले धागे पूर्वीच्या मापाला येत नाहीत. दर बुडवणीला दांडा थोडा बारीक होतो. अण्णांना आकडे दाखवले. त्यांनी दांडा फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाले, "मंजी आमी इतकी वर्सं दांडं बारीक करत होतो व्हय."

याचा व्यवहारातला अर्थ: दांडा वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत बसवायचा. सांगलीत म्हणजे एप्रिल-मे. मग पावसाळ्यात तो थोडा फुगेल, पण मुळातच वाळलेला असल्यानं उन्हाळ्यात बसवलेल्या मापाखाली फारसा जाणार नाही. पावसाळ्यात बसवलेल्या दांड्याचं नेमकं उलटं.

१३ एप्रिल

बारीक तुकडे वाळले. आज खुरपी.

खुरप्याला नेढं नसतं, मागं चौकोनी निमुळतं शेपूट असतं, ते मुठीत ठोकायचं. गावाकडं ते लालभडक तापवून सरळ लाकडात दाबतात. धूर निघतो, बसतं झटक्यात. पण भोक कोळशाचं होतं आणि कोळसा चुरतो, हंगामभरात खुरपं मुठीत फिरायला लागतं. मी आधी शेपटाच्या मधल्या जाडीचं भोक पाडून घेतलं. शेपूट लालऐवजी नुसतं काळपट-गरम केलं, थोडं दाबलं, काढलं, भोकातला कोळसा तारेनं खरवडून झाडला. पुन्हा तेच. शेवटचं बोटभर अंतर उरलं तेव्हा गरम करणं बंद, थंड शेपटावर लाकडी मोगरीनं ठोकत बसवलं. भोकाला नेमका शेपटाचा चौकोनी आकार येतो आणि शेवटचा भाग कोऱ्या लाकडात रुततो.

ठोकण्याआधी मुठीच्या तोंडाला लोखंडी कडं चढवलं, नाहीतर मूठ उभी फाटते. कडी जुन्या पाइपाच्या तुकड्यांची. कडं मुठीला कोरडंच घट्ट बसलं पाहिजे. मूठ एका बाजूनं जरा निमुळती करून कडं गरम असताना चढवलं.

आईनं दोन खुरपी हातात घेऊन बघितली. तिला मूठ बारीक हवी होती. बायकांचा हात लहान, आणि खुरपणी दिवसभराची. बाजारातल्या सगळ्या मुठी एकाच मापाच्या, हे आत्तापर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्या हाताच्या मापानं दोन्ही पुन्हा तासल्या: मूठ आवळली की बोटांची टोकं तळव्याच्या गादीला जेमतेम टेकावीत. मागचं टोक थोडं फुगीर, हात सटकत नाही. आता ती खुरपी शेजारच्या काकू मागून नेतात.

२० एप्रिल

पटाशांच्या मुठी. लेथवर गोल काढून घेता आल्या असत्या, पण गोल मूठ बाकावरून घरंगळते आणि पटाशी धारेवर पडते. अष्टकोनी केल्या. सागाचा चौकटीचा तुकडा इथं वापरला. तोंडाला पितळी नळीचे तुकडे. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

४ मे

कुदळ १ किलो ५५०. कुऱ्हाडीच्या तुकड्याचं वजन गेले काही दिवस हललेलं नाही. गच्चीवर दुपारी पाय ठेववत नाही इतकं तापतं. हीच वेळ.

मिरज रस्त्याला घिसाड्यांचं पाल पडलं आहे. तिथून कुऱ्हाडीचं पातं घेतलं, ट्रकच्या कमानपाट्याचं. भाता आता पंख्यावर चालतो, ऐरण तीच. दोन्ही हातांनी धरून आपल्याकडं ओढायचा एक सुराही त्यांच्याकडून मापानं करून घेतला. दांडा तासायला त्याच्यासारखं हत्यार नाही, आणि ते हार्डवेअरच्या दुकानात मागितलं तर लोक तोंडाकडं बघतात.

११ मे

कुऱ्हाड. पूर्ण दिवस गेला, आणि तो घालवण्यासारखा होता.

नेढ्यापासून सुरुवात. हातानं घडवलेलं नेढं आतून सरळ नसतं, एका तोंडाला रुंद, दुसऱ्याला अरुंद, आणि मध्ये कुठंतरी लोखंडाचा उंचवटा. गोल कानशीनं उंचवटे काढले, दोन्ही तोंडांच्या कडा मोडल्या. धारदार कड राहिली तर ती दांड्याच्या मानेत रुतते आणि पुढं तिथूनच तडा जातो.

दांड्याची लांबी: काखेत एक टोक धरलं की दुसरं तळव्यात यावं. माझी ७६ सेंटीमीटर भरली. काप लंबगोल, ३४ बाय २५ मिलिमीटर. गोल दांडा हातात फिरतो आणि पातं तिरकं पडतं. लंबगोल असला की अंधारातसुद्धा धार कुठं आहे ते हाताला कळतं.

परदेशी व्हिडिओत सांगतात की टोकावरची वर्षवलयं घावाच्या दिशेत उभी यायला हवीत. आमच्या बाभळीत वलयं धड दिसतच नाहीत. आम्ही बघायचं ते अंगावरच्या रेषेकडं. सुऱ्यानं तासताना कुठं उलटी नस लागली, सुरा आत शिरायला लागला, तर रेषा तिथं बाहेर पडते आहे. फोडून काढलेल्या तुकड्यात हा त्रास फक्त मानेपाशी, जिथं मुद्दाम वळण दिलं आहे तिथंच आला.

बसवणं. कारखान्यात दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकतात का बघायला निळा रंग लावतात. मी नेढ्याला आतून चिमणीची काजळी फासली. दांडा आत दाबला, काढला. जिथं काळं लागलं तिथंच लाकूड लोखंडाला टेकतंय, तेवढंच पटाशीनं सोलायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. सुरुवातीला दोन-तीन ठिपके. हळूहळू ठिपके पसरत जातात, पट्टे होतात, आणि शेवटी अख्खी मान वरपासून खालपर्यंत सारखी करडी दिसते. तेव्हा थांबायचं. नुसता ठोकून बसवलेला दांडा दोन-तीन जागीच टेकलेला असतो. सगळा भार तेवढ्याच धाग्यांवर, ते चेपले की ढिला. नंतर पाचरी मारत बसा.

पाचरीसाठी दांड्याच्या वरच्या टोकाला नेढ्याच्या लांबीच्या दिशेनं खाच पाडली, नेढ्याच्या दोन-तृतीयांश खोल. खाचेच्या तळाला आधीच बारीक भोक पाडून ठेवलं होतं, म्हणजे चीर खाली पळत नाही. पाचर त्याच बाभळीच्या गाभ्याची, पण ओव्हनमध्ये आणखी सुकवलेली. दांड्यापेक्षा पाचर कोरडी असेल तर पुढं ती हवेतली ओल घेऊन फुगेल आणि जास्त दाबेल. ओली पाचर आकसून वर येते. बांबूची सुळकन निघते, तिच्या पाठीला पकड नाही.

पातं चढवताना ते जमिनीवर आपटायचं नाही. कुऱ्हाड पातं खाली असं हवेत लोंबती धरली आणि दांड्याच्या मागच्या टोकावर मोगरीनं ठोकलं. पातं जड, जागचं हलायला तयार नाही, दांडा मात्र त्याच्यात शिरत जातो. बघणाऱ्याला उलटं वाटतं. शेजारच्या मुलानं तीनदा करायला लावलं.

मग पाचर. आवाज बदलला तेव्हा थांबलो, आधी बद्द येत होता, मग टणक.

१८ मे

कुदळीला पाचर लागत नाही. तिचा दांडा वरच्या टोकाला जाड. बारीक टोक नेढ्यातून वरून खाली ओवायचं आणि कुदळ सरकत वर जाऊन जाड भागाला अडकते. जितकं खणाल तितकी घट्ट, आणि निसटून उडण्याचा प्रश्नच नाही. हा आकार ज्यानं कुणी शोधला त्याला दंडवत. वजन तासण्याआधी १ किलो ५४०, भिंतीवरचा आकडा. काजळीचा खेळ इथंही, पण निमुळता उतार असल्यानं लवकर जमलं.

हातोड्याचाही दांडा झाला. बारीक मान ठेवली, घावाचा हिसका मनगटापर्यंत येत नाही.

सगळ्यांना काचेच्या तुकड्यानं खरवडून शेवटचा हात. ताजी फोडलेली काच बाभळीवरून ओढली की कागदापेक्षा पातळ कुरळे निघतात, आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरपेक्षा चांगला राहतो. हातमोजे घालून. रोगण कुठंच मारलं नाही. रोगणावर घामाचा हात चिकटतो आणि फोड येतात. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल पातळ चोळलं, अर्ध्या तासानं पुसलं. मागच्या उघड्या टोकाला जास्त पाजलं. शेंगतेल लावणारे लावतात, पण ते वाळत नाही, चिकट राहतं आणि माती धरतं.

तेलाच्या फडक्यांबद्दल ठळक लिहितो: जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि त्यात उष्णता सुटते. फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेटू शकतो. फडकी बाहेर पसरून वाळवायची किंवा पाण्याच्या डब्यात टाकायची. घरात कुणाला सांगितल्याशिवाय ठेवायची नाहीत.

२५ मे

पावसानं सगळ्यांचे आडाखे उधळले. वळीव समजून छत्री घेतली नव्हती, आणि बातम्यांत मान्सून कोकणात आल्याचं सांगताहेत. तेलाचा दुसरा हात अजून चिकट आहे. दमट हवेत वेळ लागणारच. हत्यारं जिन्याखालून घरात घेतली.

दांडे मेच्या मध्यावर बसले ते बरं झालं. आता बसवायचे म्हटलं असतं तर पुढच्या वैशाखापर्यंत थांबावं लागलं असतं.

८ जून

मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला होता, इकडंही मेअखेर पाऊस झाला. तासगावला वाफ्यांत पाणी तुंबलं म्हणून अण्णांनी नव्या कुदळीनं चर काढले. मी गेलो तेव्हा कुदळ चिखलानं माखून मेढीला टेकवलेली. दांडा हलवून बघितला, जागचा हलत नाही. अण्णांचा अभिप्राय: "दांडा बरा हाय. जरा लांब झालाय." ते माझ्यापेक्षा चार बोटं बुटके आहेत. लांबी त्यांच्या मापानं घ्यायला हवी होती असं आई म्हणाली. अण्णांनी कापायला नकार दिला, वाकावं लागत नाही म्हणून.

गच्चीवर ठेवलेला कुदळीचा जादा तुकडा, ज्याचं वजन मेमध्ये दांड्याएवढंच उतरलं होतं, तो आज २५ ग्रॅमनं वाढला आहे. लाकूड हवेतून पाणी घेतंय. बसवलेल्या दांड्यांतही हेच चालू असणार, फक्त त्यांना तेल आहे म्हणून सावकाश.

कुऱ्हाडीची पाचर टोकाला किंचित वर आलेली दिसली म्हणून घाबरलो, पण नखानं तपासलं तर ती पाचर नव्हती, तेलाचा सुकलेला थेंब होता.

२९ जून

विहिरीतले पांढऱ्या लाकडाचे दोन तुकडे आज वर काढले. विहिरीला पाणी चढलंय, दोरी सापडायलाच वेळ लागला. तुकडे काळेशार, वास घाण. घासून धुऊन वळचणीला लावले.

बरोबरीचे न भिजवलेले दोन गच्चीवरून खाली आणले. एकाच्या खाली पिठासारखा बारीक भुगा पडला होता, अंगावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं. दुसरा अजून स्वच्छ. भोकं फक्त पांढऱ्यात आहेत, कडेला जी तांबड्याची पट्टी होती तिथं येऊन थांबलीत. तो तुकडा लगेच चुलीत घातला, बाकीच्या लाकडाजवळ ठेवण्यात अर्थ नाही.

तात्यांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "पावसाळाभर सांगितलं हुतं, तू आषाढातच काडलास. परत सोड."

उद्या परत सोडतो. भिजवलेले वाळायला दिवाळी उजाडेल, त्यातून कोयत्याच्या मुठी निघतील. पुढच्या महिन्यात तात्यांचा वाकस धार लावून परत द्यायचा आहे.